तिच्या नंबरवरचं चाक

कॅमेऱ्यात डोळा लावून पाहायची जी खिडकी असते, तिच्या बाजूला एक बारकं चाक असतं. तुरीच्या दाण्याएवढं. पुष्कळ फोटोवाल्यांना ते माहीतच नसतं. ज्याचा डोळा कमजोर आहे त्याने चष्मा काढायचा, डोळा लावायचा आणि साफ दिसेपर्यंत ते चाक फिरवायचं. त्याने फोटोत काही फरक पडत नाही. पाहणाऱ्याला नीट दिसतं, एवढंच.

त्या चाकावरून आमच्या घरी जितकी भांडणं झाली तितकी कोणाच्या घरी सोन्यावरून झाली नसतील.

कॅमेरा एक आणि डोळे दोघांचे. मी चष्मा लावून पाहत होतो, मला चाक मधोमध लागायचं. माझ्या बायकोचं वेगळं. जवळचं तिला घारीसारखं दिसे, तांदळातला खडा ती दिव्याच्या उजेडातही वेचायची. पण अंगणापलीकडचा माणूस तिला चालीवरून ओळखावा लागे. चष्मा तिलाही होता. कॅमेरा हातात आला की पहिले ती चष्मा काढून पदराच्या टोकात बांधायची आणि चाक फिरवायची पार शेवटाजवळ. मग माझी पाळी आली की सगळं धुरकट.

"तू माहं चाक काऊन फिरवलं वो?"

"तुमचं हाय का ते? कॅमेऱ्याचं हाय."

"मले काही दिसून नाही राहिलं."

"मंग फिरवा ना. हात मोडले का?"

नवरी मंडपात उभी, भटजी अक्षता वाटून राहिले, आणि आम्ही दोघं एका खांबाआड असे बोलत उभे. लोकांना वाटे हे कॅमेऱ्याचं काहीतरी मोठं काम चाललं आहे.

ती या धंद्यात कशी आली ते सांगतो. सौंदडच्या आसपासच्या गावांतली लग्नं माझ्याकडे असत. मंडपातलं, वरातीचं, जेवणावळीचं सगळं मी काढायचो. पण हरदीच्या, म्हणजे हळद लावायच्या वेळी बाया घरात दार लोटून घेत. आत गाणी, हसणं, पाण्याचा आवाज, आणि मी बाहेर बाजेवर बसून. एका घरच्या बाया अडून बसल्या की आम्हाला आतले फोटो पाहिजेत, पण बाप्या माणूस आत येणार नाही. ही त्या लग्नात माझ्यासोबत जेवायला आली होती. मी सगळं लावून कॅमेरा तिच्या हातात दिला, म्हटलं, "फक्त हे बटन दाब, बाकी कशाले हात लावू नको." तिने पहिला हात चाकालाच लावला.

फोटो धुऊन आले तेव्हा मी पाहिलं. कोणाचे पाय कापले, कोणाचा अर्धा हात गायब. पण त्यातल्या बाया माझ्या फोटोतल्या बायांसारख्या नव्हत्या. माझ्या फोटोत त्या खांबासारख्या उभ्या राहत. तिच्या फोटोत त्या घरच्यासारख्या होत्या. एकीच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा, एक नवरीच्या कानाला हळद फासत ओरडून राहिली, नवरी डोळे मिटून हसते आहे. त्या दिवसापासून आतलं काम तिचं, बाहेरचं माझं. रोलचा कॅमेरा गेला, कार्डाचा आला, तरी हे ठरलेलं राहिलं.

माझा चष्माही तीच निवडायची. फोटोवाल्याचा चष्मा निवडणं हे दुसऱ्याचं काम आहे, हे मला आता कळलं. कॅमेरा तोंडाला लावला की आरशात चष्मा दिसत नाही, कॅमेराच दिसतो. आणि फोटोवाल्याला चष्मा कसा दिसतो त्याच्याशी काही घेणं नसतं. काच डोळ्याच्या किती जवळ आहे ते पाहावं लागतं. काच डोळ्यापासून दूर राहिली तर खिडकीतलं फक्त मधलं दिसतं, चारही कोपरे जातात. मग फोटोत कोपऱ्यात कोण्या लेकराचं नाक पुसून राहिलेली बाई येते, ती काढताना दिसतच नाही.

म्हणून ती मला दुकानात कॅमेरा डोळ्याला लावून उभा करायची. स्वतः बाजूला उभी राहून, मान वाकडी करून, माझी भुवई आणि काच यांच्यातली फट पाहायची. "हा आपटते. काढा." दुसरा. "हा मोठा हाय, गालाले टेकते, वर उचलते." तिसरा. मग एका बोटाने फ्रेम माझ्या नाकावर मागे सारायची आणि म्हणायची, "हा घ्या." दुकानदार बिचारा म्हणे, बाई, हा साहेबांना शोभत नाही. ती म्हणे, "ह्यांले शोभून कोनाले दाखवाचं हाय?"

मागच्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिला ताप आला. गावात सलाईन लावली, मग गोंदियाला नेलं. आणलं ते झोपवूनच आणलं. याच्यापेक्षा जास्त मला त्याचं लिहिता येत नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले. एका दुपारी कॅमेऱ्याची बॅग काढली, काही कारण नव्हतं. डोळा लावला तर सगळं धुरकट. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "फिरवलं का पुन्हा?" आणि अंगठा चाकावर गेला.

तो तिथेच थांबला.

उन्हाळ्यातलं शेवटचं काम फक्त हरदीचं होतं, ते फोटो तिनेच काढले होते. त्यानंतर कॅमेरा कोणी हातात धरला नव्हता. म्हणजे ते चाक जिथे होतं तिथे तिच्या अंगठ्याने ठेवलं होतं. घरातली बाकी प्रत्येक वस्तू कोणी ना कोणी हलवली होती. लुगडी माझ्या बहिणीने वाटली, भांडी सुनेने लावली, तिची उशी धुतली गेली. हे चाकच राहिलं होतं. सलाईनची सुई बसवायला जी पांढरी चिकटपट्टी आणली होती, तिचा थोडा भाग उरला होता. तो कापला आणि चाकावर लावला, की बॅगेत घासून ते फिरू नये.

मग कॅमेरा ठेवून दिला. कोणी लग्नाचं विचारलं तर म्हणत होतो, सोडलं.

या उन्हाळ्यात जवळच्या गावचा एक शेतकरी घरी आला. त्याच्या मुलीचं लग्न. त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो आम्हीच काढले होते. मी नाही म्हटलं. तो बाजेवर बसून राहिला.

"कायले नाही म्हनता काकाजी?"

"आता दिसत नाही मले."

"डोरे तपासून या. बहीन म्हनते, हरदीचे फोटो तुमच्या घरूनच पाह्यजे. मोबाईलवाले पोट्टे आत घ्यायचे नाहीत म्हनते."

"हरदीचे मी काढत नव्हतो. माही बायको काढे."

"ठाऊक हाय. म्हनूनच तं आलो."

 मी हो म्हटलं. तो गेल्यावर कॅमेरा काढला, डोळा लावला. धुरकट. मशीन आपलं आपण साफ फोटो घेतं, ते मला ठाऊक आहे. पण कोणत्या वेळी बटण दाबायचं ते मशीनला कळत नाही. त्यासाठी तोंड दिसावं लागतं. चाक फिरवलं तर दिसेल. फिरवलं तर तिचं जाईल, आणि पुन्हा नेमकं तिथे आणता येणार नाही, कारण ती जागा फक्त तिच्या डोळ्याला माहीत होती. म्हणून ठरवलं, चाक हलवायचं नाही. चष्मा असा करून घ्यायचा की त्याच चाकावर मला दिसलं पाहिजे.

सौंदडहून गाडीने गोंदियाला गेलो. आधीचं दुकान बंद झालं होतं. बाजारात एका दुसऱ्या चष्म्याच्या दुकानात शिरलो. दुकानदार चाळिशीतला, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, अर्धा हिंदीत बोलणारा. त्याला कॅमेरा दाखवला, काय पाहिजे ते सांगितलं. त्याने पाहिलं आणि हसला.

"चाचा, ये तो एक सेकंद का काम है. पट्टी काढा, चाक फिरवा. चष्म्यावर कायले खर्च करता?"

त्याचा अंगठा पट्टीवर गेला होता. मी कॅमेरा ओढून घेतला.

"हात नको लावू त्याले."

"अरे, पण..."

"तुले चष्मा इकाचा हाय का नाही?"

 मला वाटतं त्याला वेडं गिऱ्हाईक भेटल्यासारखं झालं. पण माणूस भला होता. डोळे तपासले. नंबर वाढला होता. आणि मग त्याने एकेक फ्रेम काढायला सुरुवात केली. पहिली जाड प्लास्टिकची. कॅमेरा लावला तर खिडकीच्या रबरावर काच टक् करून आपटली. म्हटलं, ही नाही, महिन्यात काच खरचटून जाईल. दुसरी उन्हात काळी होणाऱ्या काचेची. तो म्हणे, फोटोवाले साहब लोक यहीच लेते. मी म्हटलं, उन्हातून उठून काळोख्या खोलीत जावं लागते मले, तिथं हे काय दिवा लावून पाहू? शिवाय त्या काचेतून कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा अंधारा दिसतो, फोटो बरा आला की काळा आला तेच कळत नाही. तिसरी, एकाच काचेत दूरचं-जवळचं दोन्ही, मध्ये रेघ असलेली. ती लावून खिडकीत पाहिलं तर रेघ बरोबर नवऱ्याच्या गळ्यावरून जाईल अशी.

"चाचा, तुम्हाले नेमकं काय पाह्यजे?"

"लहान काच. बारीक तारेची फ्रेम. नाकावरच्या पाकळ्या वाकवता येतील अशा, म्हंजे काच भुवईले टेकेल इतकी जवळ घेता येते. कानावरची दांडी पातळ. साधी पांढरी काच. घामानं घसरली नाही पाह्यजे."

"इतना सब मालूम है तो खुद ही चुन लो."

तेच तर होत नव्हतं. मी कॅमेरा लावून उभा राहिलो आणि त्याला म्हटलं, बाजूने पाह्य, फट किती राहते. तो समोरून पाहत होता. "मस्त दिसते चाचा. एकदम हिरो." मी म्हटलं, बाजूने. तो बाजूला आला, मान वाकडी केली नाही, उभ्यानेच पाहून म्हणाला, "ठीक है." ठीक कसं आहे ते त्याला कसं कळणार? तिचा तो बोटाचा धक्का नाकावर बसला की मला कळे, हाच. इथे कोणी बोट लावत नव्हतं. मी स्वतःच लावून पाहिलं. आपलं बोट आपल्याला काही सांगत नाही.

फ्रेम शेवटी एक मिळाली. पण त्यात दूरच्या नंबरची काच धरून पाहिली तर चाकाचं भांडण तसंच. धुरकट ते धुरकटच. तो म्हणाला, या चाकासाठी वेगळी काच घासावी लागेल, आणि ती घातली तर बाहेरचं जग दिसणार नाही. मी म्हटलं, विचार करतो. मग जवळचं पाहायला म्हणून त्याने वाचायचा एक तयार चष्मा माझ्या डोळ्यावर ठेवला, बारीक अक्षरांचा पुठ्ठा हातात दिला. मी चौथीपर्यंत शिकलेलो, तरी सगळा पुठ्ठा वाचून काढला. पण डोकं तापलेलं होतं. पुठ्ठा टाकला, कॅमेरा उचलला आणि म्हटलं, "हे पाह्य, असं धुरकट दिसते, समजत नाही का तुले," आणि डोळा लावला. वाचायचा चष्मा काढायचं मी विसरलो होतो.

रस्त्यापलीकडे एक ऑटोवाला ऑटोत बसून संत्रं सोलत होता. त्याच्या नखात अडकलेली पांढरी शीर मला दिसली. दाढीचे खुंट दिसले. सगळं साफ, कोपऱ्यापर्यंत.

मी कॅमेरा खाली घेतला. ऑटोवाला नुसता खाकी ठिपका. पुन्हा लावला. पुन्हा शीर.

दुकानदारानेही डोकं खाजवलं, मग समजावलं. ज्याला जवळचंच दिसतं तो माणूस चाक शेवटाकडे नेतो, आणि त्या चाकाने खिडकीतलं सगळं चित्र जवळ येतं, पोथीच्या पानाएवढं जवळ. म्हणून वाचायच्या चष्म्यातून ते साफ दिसतं. तो हे सांगून राहिला आणि मला दुसरंच उमगत होतं. इतकी वर्षं मी तिला म्हणत होतो, मागे सर, पाय येऊ दे फोटोत, इतकं अंगावर काय जातेस. तिला त्या खिडकीत दूरची नवरी ताटातल्या तांदळासारखी जवळ दिसत होती. ती तिला तशीच पाहत होती, खडा शोधावा तशी.

तोच वाचायचा नंबर त्या बारीक तारेच्या फ्रेममध्ये बसवून घेतला. दूरचा एक वेगळा. परत येताना गाडीत सगळा रस्ता कॅमेरा डोळ्याला लावून बसलो. समोरच्या बाकावरची बाई शेवटी म्हणाली, "भाऊ, माहे फोटो काढून राहिले का?" म्हटलं, नाही बाई, फक्त पाहून राहिलो. ती अजूनच घाबरली.

लग्नाच्या आदल्या दिवशी हरद होती. मी उंबरठ्यावर अडखळलो, कारण खिडकीत साफ दिसणारा चष्मा खोलीत काही दाखवत नाही. पाय हळदीच्या वाटीला लागला. बायांनी हसून घर डोक्यावर घेतलं. नवरीची आत्या, जिच्या सांगण्यावरून मला बोलावलं होतं, तिने माझं मनगट धरून मला नवरीसमोर पाटावर बसवलं.

"बसा इथं. आन काही धक्का लावू नका."

मी डोळा लावला. आणि आत गेलो, असं म्हणावं लागेल. नवरीच्या पापणीवर हळदीचा कण होता. मी एक काढला, दोन काढले. बाया गप्प उभ्या राहिल्या, खांबासारख्या. मला घाम फुटला.

आत्या म्हणाली, "काकाजी, तुमी मुक्यावानी काढता. काकूजी बोलत राहे."

"काय बोले?"

"तुमाले नाही ठाऊक?"

मला कसं ठाऊक असणार? मी बाहेर बाजेवर.

आत्या हसायला लागली, पदर तोंडाला लावला. "माह्या हरदीले मी लाजून खालीच पाहत होती. तं काकूजी म्हने, 'पोरी, आज माह्याकडं पाह्य. नवऱ्याकडं तं जनमभर पाहाच लागते, आन त्याच्यात पाहासारखं काही राहत नाही.'"

खोली फुटली हसण्याने. नवरीही हसली, आणि मी बटण दाबलं. फोटो कसा आला ते तेव्हा पाहिलं नाही. मला एकाच वेळी राग आला, हसू आलं, आणि अजून काहीतरी, ज्याने काच आतून धुरकटली. बायांना वाटलं, पाण्याची वाफ.

मग नवरीला न्हाऊ घालायची वेळ झाली. आत्या म्हणाली, "काकाजी, आता तुमी बाहेर." मी उठलो. मागे दार लागलं. इथून पुढे माझी बायको आत राहायची. मी कितीही म्हातारा झालो, कोणताही चष्मा लावला, तरी त्या दाराच्या आतलं मला दिसणार नाही. तिने ते पाहिलं होतं, घरी येऊन कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही, कारण मला वाटे त्यात सांगण्यासारखं काय असणार.

दुसऱ्या दिवशी वरात आली. दूरचा चष्मा लावला तर माणसं दिसत होती पण खिडकी धुरकट. वाचायचा लावला तर खिडकी साफ पण मंडपाची दोरी दिसेना. एक कपाळावर, एक खिशात, घामाने दोन्ही घसरून राहिले. नवरदेव घोड्यावरून उतरला तेव्हा मी चष्मे बदलत होतो. तो क्षण गेला. मुलीचा बाप धावत आला.

"काकाजी, उतरतानीचा काढला ना?"

"नाही निघाला."

त्याचं तोंड उतरलं. एकुलत्या पोरीचं लग्न. आता हार घालणं होतं. माझा अंगठा पट्टीखाली गेला, नखाने तिची एक कड उचललीही. फिरवलं असतं तर सगळं मिटत होतं. दूरचा चष्मा, मधोमध चाक, मी आणि मंडप, पहिल्यासारखं.

मी कड पुन्हा दाबून बसवली. व्हिडिओवाला एक जवान माणूस होता, त्याच्या गळ्यात दुसरा कॅमेरा लटकत होता. त्याच्याकडे गेलो आणि म्हटलं, "बाहेरचे सगळे फोटो तू काढ. मले जमत नाही आता." मुलीच्या बापालाही तेच सांगितलं, लपवलं नाही. तो म्हणाला, "बरं. आतले तं आले ना?"

"आतले आले."

तेव्हापासून मी बाहेरचं काम घेत नाही. मंडप, वरात, जेवणावळ, सगळं पोट्टे काढतात, चांगलं काढतात, वरून उडणारं मशीनही आणतात. मला फक्त हरदीला बोलावतात. गावातले बुढे चिडवतात, "आता बायांतच बसाले लागला काय रे?" मी म्हणतो, हो.

गेलो की पाटावर बसतो, वाचायचा चष्मा नाकावर सारतो, डोळा लावायच्या आधी घरच्या बायांना विचारतो, "माही बायको तुमच्याइथं आली होती का कधी? काय म्हनत होती?" कोणाला काही आठवतं. कोणी एक वाक्य सांगते, कोणी दोघी मिळून एक सांगतात आणि त्यावरून भांडतात. कोणी म्हणते, काकूजींनी माझी नथ सरळ केली होती, एवढंच लक्षात आहे. मी ऐकतो आणि काढत राहतो. ज्या घरी कोणालाच काही आठवत नाही, तिथून मी काम करून लवकर निघतो. जेवायला थांबत नाही.